रविवारी सहाला जाणारी लाइन

बेलवलीतच काय, अख्ख्या बदलापुरात यंत्रांवर आमच्या समोरच्या काकांइतकी माया करणारा आणि यंत्रांशी त्यांच्याइतक्या हक्काने भांडणारा दुसरा माणूस झाला नाही, हे मी कुठेही उभी राहून सांगायला तयार आहे. काका अंबरनाथला आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथून निवृत्त झाले, पण त्यांच्या मते फक्त कारखाना बदलला होता. आता तो दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढाच उरला होता. सदऱ्याच्या खिशात टेस्टर कायम. एका लग्नात भन्तेजी त्रिशरण देत होते आणि नवरा-नवरीच्या मागे काका गुडघ्यांवर बसून माइकची खरखर बंद करत होते. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाच्या खांद्यामागे त्यांचं टक्कल आलं आहे. घरात ब्रेकडाउन रजिस्टर होतं, कारखान्यात असतं तसंच: तारीख, वेळ, बिघाड, उपाय आणि शेरा. 'मिक्सर. घरघर. ब्रश बदलले. शेरा: चटणी जाडसरच खावी.' असल्या नोंदी त्यात पानोपानी होत्या.

काकू फार लवकर गेल्या. एकुलत्या मुलीला काकांनी वाढवलं, म्हणजे खरं तर त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने. आक्का वांगणीपलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर राहायची. पोरगी शाळेत जाईपर्यंत तिच्याच कडेवर होती. पुढे ती नर्स झाली आणि आयर्लंडला गेली. तिच्या जाण्याबद्दल काका कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त कॉम्प्युटर घेतला, वर कॅमेरा बसवला, टेलिफोनवाल्यांकडून इंटरनेटचा राउटर आणला आणि शोकेसमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला. त्याला पांढऱ्या रुमालाचं झाकण शिवलं. आठवडाभर राउटर बंद असे, कारण 'मशीनला पण सुट्टी लागते.' रविवारी साडेपाचला झाकण निघे, दिवे हिरवे होत आणि पडद्यावर पोरगी येई. तिचा तो जेवणाचा वेळ असे. मी, समोरच्या घरची सून, ठाण्याला एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसत होते, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून मला समोरच्या दारातून बोलावणं असेच.

आणि दर रविवारी, गप्पांना जरा कुठे रंग चढतोय तोच, सहाच्या सुमारास लाइन जायची. पोरगी तोंड अर्धं उघडं ठेवून पडद्यावर गोठायची. राउटरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, तीनेक मिनिटांनी स्थिर व्हायचा, पण तोवर तिची जेवणाची सुट्टी संपत आलेली असायची. काकांसाठी हा बिघाड साधा नव्हता. आठवडाभर ते त्या अर्ध्या-पाऊण तासावर जगत होते आणि नेमका त्याचाच लचका तुटत होता.

मग काका पेटले. आधी संशयावरून फ्रिज बंद ठेवला. पुढच्या रविवारी पंखा, मग टीव्ही. एका रविवारी बिल्डिंगचा पाण्याचा पंप बंद ठेवायला लावून त्यांनी तीन मजल्यांचा रोष ओढवून घेतला. वरच्या वहिनींना सहा वाजता मिक्सर लावू नका म्हणून हात जोडून विनंती केली. राउटरची जागा शोकेसवरून खिडकीत, खिडकीतून कपाटावर अशी हलत राहिली. टेलिफोनवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा बुधवारी, आणि लाइन उत्तम असल्याचं सांगून चहा पिऊन गेला. मी काही सुचवलं की काका मान हलवत. "सूनबाई, मशीन खोटं बोलत नाय," ते म्हणत. "बोलतो तो ऑपरेटर."

शेवटी मी ते रजिस्टर मागितलं. काकांच्या टपोऱ्या अक्षरात एका पानावर लिहिलं होतं: '१८:०४ आक्का निघाली.' त्याच्याखाली: '१८:०४ लाइन ट्रिप.' मागचं पान: '१८:०७ आक्का निघाली. १८:०७ लाइन ट्रिप.' अशी सात पानं होती.

आक्का रविवारी वांगणीच्या बाजारात भाजी विकायला उतरायची. परतीच्या जीपमध्ये बसण्याआधी ती फोनच्या बूथवरून काकांकडे दोन घंट्या देऊन ठेवून द्यायची. मी बरी आहे, घरी निघाले, एवढाच त्याचा अर्थ. तो फोन उचलायचा नाही असा नियमच होता, कारण उचलला की आक्काचे पैसे पडणार. त्यामुळे घंट्या वाजल्या की काका समाधानाने "आक्का निघाली" म्हणत, वहीत लिहीत आणि पुढच्या क्षणाला गेलेल्या लाइनच्या मागे लागत. आक्काच्या घंट्या म्हणजे फोन आहे, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. घंटी वाजली आणि राउटरचा दिवा लुकलुकू लागला. काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांनी स्वतः वायर ओढून दुसरा फोन बसवला होता, अभिमानाने, खिळ्याला खिळा एका रेषेत. फोन आणि इंटरनेट एकाच तारेतून येत असल्याने घंटीने इंटरनेट तुटू नये म्हणून त्या लाइनवरच्या प्रत्येक फोनला एक छोटी डबी, फिल्टर, लावावी लागते. या फोनला ती नव्हती. काकांनी वायरवरून बोट फिरवत थेट फोनपर्यंत नेलं.

"म्हणजे ऑपरेटर मीच," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते उल्हासनगरला कॅम्प एकच्या एका सिंधी दुकानदाराकडून फिल्टर घेऊन आले. त्याने म्हणे सांगितलं होतं, "साईं, लगाओ और भूल जाओ." रविवारी डबी बसवण्याआधी काकांनी मुलीला सगळी हकीकत सांगितली. ती हसून हसून बेजार झाली आणि मग कॅमेऱ्याजवळ सरकली.

"पप्पा, नका लावू ती डबी," ती म्हणाली. "लाइन गेली की मला इथे कळेल ना, आत्या जीपमध्ये बसली."

साधा गळका नळ सहन न होणाऱ्या काकांनी फिल्टर खणात ठेवून दिला. त्यानंतर वर्षभर दर रविवारी लाइन जात राहिली. पोरगी तेवढ्यात जेवण गरम करून आणायची. आक्काला हे कळलं तेव्हा ती बदलापूरला आली होती. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "म्हंजे माजी घंटी पार इलायतेला जाते व्हय?"

आणि एका रविवारी सहा वाजले, सव्वासहा झाले, चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. काका बोलत होते, पण घड्याळाकडे बघून.

"पप्पा, लाइन गेली नाही," ती हळूच म्हणाली.

"नाय गेली."

काका तसेच उठले, चपला घातल्या आणि वांगणीला गेले. आक्का त्या दिवशी पाड्यावरून उतरलीच नव्हती. पहाटे झोपेतच गेली होती, शेजाऱ्यांना ते दुपारनंतर कळलं, आणि निरोप घेऊन निघालेला माणूस काकांना वाटेत भेटला. म्हणजे निरोप पोचण्याआधीच आयर्लंडला कळलं होतं, तेही न वाजलेल्या दोन घंट्यांनी.

पंधरा दिवसांनी काकांनी डबी लावली. लाइन पुन्हा कधी गेली नाही. पण सहा वाजून काही मिनिटं झाली की पोरगी म्हणायची, "पप्पा, जेवण गरम करून येते," आणि रिकाम्या खुर्चीच्या त्या चित्रासमोर काका तीन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. मीही बसायचे.

आता काकाही नाहीत, आणि समोरच्या दारावर दुसऱ्यांची पाटी आहे. मला त्यांची फार आठवण येते. आमच्या घरचं इंटरनेट मधूनच गेलं की मुलं कुरकुरतात, कुणाकुणाच्या नावाने बोटं मोडतात. मी मात्र आधी घड्याळ बघते, आणि मनात म्हणते, निघालं असेल कुणीतरी.