चाळीस घरं, एक उत्तर

केम स्टेशनावर उभी होते तेव्हा माझ्या हातात यादी होती. पत्र्याची ट्रंक, वळकटी, कुर्डुवाडीला रोज ये-जा करून मिळवलेला टायपिंगचा दाखला, ज्वारीच्या पिठाचा डबा, आत्यासाठी कुंकवाची पुडी. प्रत्येक वस्तूपुढे मी बरोबरची खूण केली. माझे वडील आण्णा गावातल्या कुंकवाच्या कारखान्यात कामाला होते. लाल बोटं धोतराला पुसत ते माझी यादी वाकून वाचत होते. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "वरीसभर बगू. मग काय ते ठरवू."

हे काही यादीत नव्हतं, पण सोलापूरपर्यंत सगळ्यात जड ओझं तेच झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गावात राहिलेल्यांना वाटतं, शहरात गेलेल्यांना तिथं काहीतरी मोठं सापडतं. मला सापडलं नवी पेठेतलं एक टंकलेखन केंद्र. कापडाच्या दुकानावरची माडी, दोन इंग्रजी यंत्रं, एक मराठी. राहायला आत्याचं घर. आमच्याकडे शहरभरचे प्राध्यापक प्रबंध टाइप करायला आणत, त्यामुळे जगात कशाकशावर संशोधन चालतं ते मला सहा महिन्यांत कळलं. रसायनशास्त्राचे एक सर चादरीचा रंग किती धुण्यांनी उतरतो ते मोजत होते. तंत्रनिकेतनातले दुसरे सर माळशिरसकडून उसाच्या चिपाडाची राख आणून तिच्या विटा पाडत आणि मग त्या फोडत. फुटलेली वीट पिशवीतून आणून मला दाखवत, जणू तिचंही टायपिंग करायचं आहे. मी दोघांच्या प्रकरणांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्या बांधल्या होत्या, कारण एकदा चादरीच्या प्रबंधात विटेचं एक पान गेलं होतं आणि सरांना ते तीन दिवस कळलं नव्हतं.

सुट्टीत गेले की आण्णांना हे सांगायची. ते नीट ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "चादर धुतली की रंग जातो, हे तुज्या आईला ठाव हाय. तिला इचारलं असतं तर सरांचं साबन वाचलं असतं की." पण वर्षाचं काय ठरलं, ते बोलायचे नाहीत.

तिसरा प्रबंध दीक्षितबाईंचा. त्या शिक्षणशास्त्र शिकवत आणि खेड्यातल्या मुली शाळा अर्ध्यावर का सोडतात, हा त्यांचा विषय. त्यांना एका गावातली चाळीस घरं हवी होती. मी म्हटलं, केम आहे की. प्रश्नावलीच्या प्रती काढायला मेणकागदाचं स्टेन्सिल मीच टाइप करून कापलं. चुकलेल्या अक्षरावर लाल औषध लावायचं, वाळलं की पुन्हा ठोकायचं. बाईंची अट एकच होती: कागदावर कुणाचंही नाव नको. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी मी चाळीस कागद घेऊन गावी गेले. घरांची यादी केलेलीच होती. आण्णा म्हणाले, "तू कशाला दारोदार हिंडतीस? ठिव हितं. फुडच्या ऐतवारी घिऊन जा." मी ठेवले. यादी करणाऱ्या माणसाला कुणी काम वाटून घेतलं की फार बरं वाटतं. तिथंच मी चुकले.

पुढच्या रविवारी गठ्ठा तयार होता, दोरीनं बांधलेला, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर लाल बोटाचा ठसा. सोमवारी दीक्षितबाईंनी तो सोडला. पहिला वाचला, दुसरा वाचला, मग नुसतेच चाळू लागल्या. चाळीसही कागदांवर अक्षर एक आणि उत्तर एक. मुलींनी शिकावं का? शिकावं. शिकून काय व्हावं? मास्तरीण. शाळेतून कुणाला काढलं का? नाही. घरात मुली किती? दोन. आमच्या घरात आम्ही दोघी, म्हणून गावातल्या चाळीसही घरांत दोन. जन्मभर एकटे राहिलेल्या बाबूतात्यांच्या घरातही दोन मुली, दोन्ही शिकत असलेल्या.

बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "चाळीस घरं, ऐंशी मुली, आणि शाळा एकीनंही सोडली नाही. मग मी प्रबंध कशावर लिहू?"

मी नवे चाळीस कागद काढले आणि पुन्हा गाडी पकडली. मनात धाकधूक होती, कारण वर्ष त्याच महिन्यात भरत होतं. गावात कळलं ते असं: आण्णांनी सगळ्या घरच्या कर्त्यांना मारुतीच्या देवळात बोलावलं होतं. तासभर चर्चा झाली. डॉक्टरीण लिहायचं की मास्तरीण, यावर मतभेद झाले, मग मास्तरणीवर सगळ्यांचं एकमत झालं. बाबूतात्यांनी मुली घ्यायला थोडे आढेवेढे घेतले, पण गावासाठी म्हणून घेतल्या.

मी आण्णांना म्हटलं, असं का केलंत? ते कारखान्यातून नुकतेच आले होते. हात न धुताच बसले.

"कागुद तू आनलास. एकाचं उत्तर चुकलं आसतं तर बाईंनी तुला काडली आसती. म्हनून सगळ्यांचं एक केलं."

त्यांना ती माझी परीक्षा वाटली होती. आख्ख्या गावानं मिळून मला पास करायचा घाट घातला होता. मी समजावलं, की यात बरोबर-चूक काही नाही, नुसतं खरं लिहायचं आणि ज्यानं त्यानं आपलं लिहायचं. आण्णांनी विचारलं, "दुसऱ्याचं बगायचं न्हाय?" नाही म्हटलं. "आनि खरं लिवलं तर तुला कोन बोलनार न्हाय?" नाही.

मग त्यांनी एक कागद घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी यादी घेऊन बाकीची एकोणचाळीस घरं स्वतः फिरले. बायका काम न थांबवता उत्तरं देत होत्या, मी लिहून घेत होते. बाबूतात्यांनी दोन्ही मुली परत केल्या. निघताना आण्णांनी आपला कागद चौघडी करून माझ्या हातात दिला.

तो मी गाडीत उघडला. माझी थोरली बहीण आक्का, तिला चौथीतून काढलं होतं. का, ते घरात कधी कुणी बोललं नव्हतं. शाळेतून काढण्याचं कारण या प्रश्नापुढे आण्णांनी लिहिलं होतं: 'थोरलीला मीच काढली. धाकटी पाळण्यात होती. आई आजारी. सांभाळायला कोणी नव्हतं.'

धाकटी म्हणजे मी.

शेवटचा प्रश्न होता, मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यास तिला परत बोलवाल का? त्यापुढे लिहिलं होतं: 'नाही. थोरलीची शाळा धाकटीपायी गेली. आता धाकटीला परत आणली तर दोघींची जाईल.' खाली पूर्ण नाव, सही आणि जोडीला लाल अंगठा. खरं लिहिलेल्या कागदावर सही करायची नाही, हे त्यांना पटण्यासारखंच नव्हतं.

दीक्षितबाईंनी तो दोनदा वाचला. मग पेन्सिलीनं वर 'बाद' असं लिहिलं, कारण नाव होतं आणि नियम त्यांचाच होता. कागद मात्र माझ्याकडे परत दिला.

आता ते केंद्र माझं आहे. यंत्रं जाऊन संगणक आले, नवी पेठेत पाय ठेवायला जागा उरली नाही. आक्काला मी तो कागद वाचून दाखवला होता. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "मला काय ठाव न्हवतं व्हय? तू लई रडकी होतीस." आण्णा गेल्यावर आमचं केमचं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना लोक विचारतात, आता गावाकडे तुमचं काय आहे? तिकडे काही नाही. जे आहे ते इथं, कपाटातल्या निळ्या फाइलीत आहे, आणि फाइलींच्या यादीत ते पहिल्या ओळीवर आहे.

दीक्षितबाईंच्या प्रबंधात केमच्या एकोणचाळीस घरांची नोंद आहे. चाळिसावं माझ्याकडे आहे.