चंद्रीचा पट्टा

आष्ट्यात मध्यंतरी बोलवा उठली होती, की आक्काताई मगदुमांनी नवऱ्याच्या गळ्यात म्हशीचा पट्टा अडकवून त्याला गोठ्यात बांधलंय आणि वैरणपाणीही तिथंच करतात. हे साफ खोटं. बाळगोंडा मगदुमांना कुणीही गोठ्यात बांधलं नव्हतं. ते आपल्या सोप्यात, पंख्याखाली, खुर्चीवर बसलेले असत. पट्ट्याचं तेवढं खरं होतं.

आक्काताईंचं वय चौसष्ट, गुडघे त्याहून जुने. पण पहाटे उठून चंद्री म्हशीला वैरण टाकल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नाही. चंद्रीच्या दुधाला डेअरीत फॅट लागते आठ; आक्काताईंच्या जिभेला कुणी यंत्र लावून बघितलेलं नाही, ते बरंच आहे. माणसांशी त्या भांडतात, देवाशी हिशेबानं बोलतात, आणि काय मऊ बोलायचं ते चंद्रीशी बोलतात. बाळगोंडांची याबद्दल तक्रार नाही. चाळीस वर्षांपूर्वी होती.

मुलगा जिनेंद्र पुण्यात, मोठ्या कारखान्यात. तिथलं मशीनच म्हणे फोनवर कळवतं, की माझं तेल संपत आलंय, माझं अमुक बेअरिंग दुखतंय. ही खोड त्यानं घरीही आणली. शेतातली मोटर फोनवर सुरू होऊ लागली. टाकी भरली की फोन वाजू लागला. मग पावसाळ्यात आक्काताई गोठ्यात घसरल्या आणि जिनेंद्रनं चंद्रीचा विषय काढला. मलकापूरच्या जयराजचा पन्नास जनावरांचा गोठा होता, तो चंद्रीला घ्यायला तयार होता.

"मी मेल्यावर ने," आक्काताई म्हणाल्या.

शेवटी तोड निघाली. जिनेंद्रनं चंद्रीच्या गळ्यात एक पट्टा बांधला. ती किती चालते, किती रवंथ करते, कुठं उभी राहते, सगळं त्याच्या फोनवर दिसायचं. तब्येत नीट असली की हिरवी खूण, बिघडली की लाल. बोली अशी ठरली, की दिवाळीपर्यंत हिरवं राहिलं तर चंद्री राहील. एकदा जरी लाल आलं, तर आईला झेपत नाही असं समजायचं आणि चंद्री मलकापूरला.

तेव्हापासून जिनेंद्रचा फोन आला की पहिला प्रश्न चंद्रीचा. "तू जेवलास का?" असं आक्काताईंनी विचारलं की त्याची रेंज जायची.

महिनाभर हिरवं राहिलं. दसरा झाला आणि पट्ट्यानं चंद्रीची मान सोलली. जनावरांचे डॉक्टर दिग्विजय येऊन बघून गेले. म्हणाले, मलम लावा, आणि दहा दिवस मानेला काही बांधू नका. आता पट्टा खुंटीला टांगला, तर फोनवर चंद्री मेलीच म्हणायची. आक्काताईंनी पट्टा हातात घेतला, गोठ्यातून सोप्यात आल्या.

"आवं, मान इकडं करा."

"का गं?"

"धा दिवसांचा प्रश्न हाय. तुमी बी बसताय, उठताय, चघळताय. दुसरं काय करतीया ती?"

"मी म्हस हाय व्हय?"

"न्हाई. म्हस दूध देती."

बाळगोंडांनी पट्टा घातला आणि वर मफलर गुंडाळला. ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजत होतं. चौकातल्या कट्ट्यावर लोकांनी विचारलं, तर म्हणाले, "थंडी वाजती." कुठं वाजते म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आतनं."

तिसऱ्या दिवशी जिनेंद्रचा फोन आला. "आई, चंद्री रोज सकाळी सातला बस्तीत काय करते?"

जैनांच्या देवळाला इकडं बस्ती म्हणतात. बाळगोंडांनी सकाळचं दर्शन कधी चुकवलेलं नाही.

"मी दर्शनाला जाते, तिला संगं नेते," आक्काताई म्हणाल्या.

"म्हशीला?"

"का? तिचं बी पुढल्या जन्माचं बघाय नको?"

जिनेंद्रनं फोन ठेवला. पुण्यात राहून धर्माचं बोलायची त्याला चोरी होती.

पाचव्या दिवशी पट्ट्याच्या कंपनीतून सोनम नावाच्या मुलीचा फोन. "मॅडम, तुमचं जनावर दुपारी चार ते साडेचार फार जोरात चावतंय. चारा बदललात का?"

चारला आक्काताई काहीच देत नसत. चारला बाळगोंडा कट्ट्यावर असत. दुसऱ्या दिवशी गुडघे धरत त्या मागोमाग गेल्या, तर नवऱ्याच्या हातात कागदाचा पुडा आणि पुड्यात लसणाचं भडंग. चातुर्मासात लसूण सोडायचा नियम या गृहस्थानं महाराजांसमोर हात जोडून घेतलेला.

"लसूण मी वेचून टाकतो," बाळगोंडा म्हणाले.

"वेचलेला कुठं हाय?"

बाळगोंडा आभाळाकडं बघू लागले.

तेवढ्यात सोनमचा परत फोन. चावण्याचं ठीक आहे, पण सूर्यास्तानंतर जनावराचं तोंड ठार बंद असतं. म्हैस रवंथ करते ती मुख्यतः रात्रीच. आज असंच राहिलं तर उद्या लाल येईल.

आता गाडी इथं अडली. मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं; त्यानंतर पाणीसुद्धा नाही. आजोबा-पणज्यांपासूनची रीत.

"नुसतं तोंड हलवा. खाऊ नका," आक्काताई घरी आल्यावर म्हणाल्या. आवाज पडला होता.

"लसणापुढं मी हरलो, खरं हाय. ह्यो एकच नियम धड ऱ्हायलाय माझा. त्यो बी म्हशीपायी मोडू म्हणतीस?"

आक्काताईंनी एकदा गोठ्याच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "नगा मोडू."

दिवस मावळला. दोघंही तोंड मिटून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी लाल आलं.

रविवारी जिनेंद्र पिकअप गाडी आणि जयराजला घेऊन दारात उभा. आक्काताई चंद्रीला पेंड चारत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. जिनेंद्र गोठ्यात शिरला. चंद्री तुकतुकीत, निवांत रवंथ करत होती. मानेवरची जखम भरत आली होती आणि मान मोकळी होती.

"पट्टा कुठाय?"

फोनमधली खूण सोप्याकडं दाखवत होती. जिनेंद्र सोप्यात गेला. वडील मफलर गुंडाळून पंख्याखाली बसले होते, घामानं चिंब. त्यानं मफलर सोडला.

जयराजनं पट्ट्याकडं बघितलं, बाळगोंडांकडं बघितलं, आणि परत गोठ्यात जाऊन चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला.

"जिनेंद्र, म्हस लाल न्हाई गड्या. लाल आलंय ते तुझ्या वडलांचं. त्यांना ठेवून घ्यायची आमच्याकडं सोय न्हाई."

आणि रिकामी गाडी घेऊन तो मलकापूरला गेला.

बोली बोलीच होती. चंद्री एकदाही लाल झाली नव्हती. जिनेंद्र वडलांच्या गळ्यातला पट्टा काढून गोठ्याच्या दारात आला. म्हणाला, "आई, मग हा आता बांधायचा कुणाला?"

आक्काताईंनी पेंडीचे हात पदराला पुसले.

"तुझ्याच गळ्यात बांध की. पोरगं येळंवर जेवलं का न्हाई, तेवढं तरी मला फोनवर कळंल."