मधुभाऊंचे तीस तास

मंगळवारी सकाळी शाळेत दुसरा तास चालू होता. नववीच्या वर्गात मी फळ्यावर आकृती काढत होतो आणि खिशातला मोबाईल थरथरला. तास चालू असताना मी फोन घेत नाही, पण मधुभाऊंच्या मुलीचं, करुणाचं नाव दिसलं म्हणून व्हरांड्यात आलो. "सर, बाबा गेले," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "आन् स्पीकर अजून चालूच हाय. बंद करू का? तास पुरा होईस्तोवर हात लावायचा न्हाई म्हणलं हुते बाबा." मागून, फार बारीक, गिटारचे खर्जातले सूर ऐकू येत होते. "राहू दे. मी निघालो," एवढंच म्हणालो. भोरला पोचलो तेव्हा मधुभाऊंना खुर्चीतून उचलून खाली निजवलं होतं. स्पीकर कुणीतरी बंद केला होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "चहा पिऊन बसले हुते वो सर, ऐकत. मला वाटलं डोळा लागला."

मधुभाऊ म्हणजे भोरच्या एसटी स्टँडजवळचे स्पीकर दुरुस्त करणारे मधुकर. पुढं आठ फुटांचं दुकान, मागं राहायच्या दोन खोल्या. भजनी मंडळांचे, बँजो पार्ट्यांचे, मंडपवाल्यांचे फाटलेले स्पीकर त्यांच्याकडं यायचे. स्पीकरच्या तोंडावरचा जुना कागद काढून नवा बसवायचा, जळलेल्या कॉइलच्या जागी नवी गुंडाळायची, हे काम त्यांनी तीस-एक वर्षं केलं. शिक्षण नववीपर्यंत. त्यांचं मूळ गाव भाटघर धरणाच्या बाजूला, आणि तिथल्या बुद्धविहाराच्या गायन पार्टीत ते गिटार वाजवायचे. पेटी, ढोलकी आणि त्यांत एक गिटार... ऐकताना आधी नवल वाटायचं, मग त्यांच्याशिवाय ती पार्टी अपुरी वाटायची.

माझी त्यांची ओळख एसटीमुळं झाली. मी हिर्डोशीकडचा. भोरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होतो आणि आमच्याकडं जाणारी गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत दोन-अडीच तास स्टँडवर काढावे लागत. दुसऱ्या वर्षी विजेच्या पेपरात मी नापास झालो. घरात कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं नापास म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचीही सोय नव्हती. त्या दिवशी पुस्तक मांडीवर ठेवून मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. आतून हाक आली, "काय रं, परीक्षा हाय का कुनी मेलंय?" मी सांगितलं. त्यांनी एक फाटका स्पीकर उलटा करून माझ्या हातात दिला. "ह्ये चुंबक. ही तार. तारंत करंट आला की ती हलती, ती हलली की कागुद हलतो, कागुद हलला की हवा हलती. तुज्या पुस्तकात ह्येच आसंल, फकस्त इंग्रजीत." खरोखरच तेवढंच होतं. ऑक्टोबरमध्ये तो पेपर मी सोडवला आणि पुढं विज्ञानाचा शिक्षक झालो. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून ते शेजारच्या चहावाल्याला म्हणाले, "हे सर आमच्या पायरीवर पास झाल्यात बरं का." तेव्हापासून मला ते 'सर' म्हणत, पण एकेरीत. "आरं सर, बस की." असं.

त्यांचं एक काम मात्र मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. नवा स्पीकर बसवला की ते तो गिऱ्हाइकाला लगेच देत नसत. गिटारच्या ॲम्पचा असेल तर मुळीच नाही. रोज एक तास, हळू आवाजात, स्वच्छ सूर, खर्जाचे जास्त. तास झाला की बंद, पूर्ण थंड होऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. असे तीस तास. मी एकदा म्हणालो, "भाऊ, कारखान्यात तपासूनच येतो ना तो?" त्यावर म्हणाले, "खोंड पन बाजारातनं तपासूनच आणत्यात. पयल्याच दिशी नांगराला जुंपतोस का? आधी मोकळं जू मानंवर ठिवायचं, जुन्या बैलासंगं चार फेऱ्या मारायच्या, मग हलकं वजन. न्हाईतर एकतर मान सुजती न्हाईतर जनावर बुजतं." मग त्यांनी कागदाच्या मागं असलेली कापडी चकती दाखवली. ती कांजी घातलेल्या कापडासारखी कडक होती. "ही सैल व्हायला वेळ लागतो. तवर त्याला रेटायचं न्हाई." मला हे सगळं हौशी माणसाचं वेड वाटलं. मी पदवीधर होतो ना.

त्या पदवीनं एकदा घात केला. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी त्यांचा ॲम्प मागून नेला. त्यात त्यांनी नुकताच नवा स्पीकर बसवला होता, चार-पाच तासच चालला होता. देताना त्यांनी बजावलं, "आवाजाचा काटा तीनच्या म्होरं न्यायचा न्हाई." मैदानावर गर्दी झाली, मागच्यांना ऐकू जाईना. मी ॲम्पच्या मागं वाचलं, चाळीस वॅट. स्पीकरवर लिहिलं होतं पन्नास वॅट. चाळीस पन्नासात बसतात, एवढं गणित आमच्या पाचवीच्या पोरालाही येतं. मी काटा शेवटपर्यंत नेला. आवाज फाटायला लागला तो पोरांना आवडलाच, टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाण्यात जळका वास आला आणि स्पीकर खरखरून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी ॲम्प टेम्पोत घालून घेऊन गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होतो. मधुभाऊंनी कागदावर दोन बोटं ठेवून हलकेच आत दाबलं, आतून खसखस आवाज आला. "गेला," म्हणाले. मी गणित सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "त्ये चाळीस वॅट साफ आवाजाचं असत्यात, सर. आवाज फाटला की ॲम्प चाळिसाचा ऱ्हात न्हाई, मग तो किती सोडंल ते त्यालाच ठावं. आन् त्यात नवं पोर." त्यांच्या जागी मी असतो तर चार शब्द सुनावले असते. ते उठले, स्पीकर खोलून जळलेली कॉइल काढली आणि माझ्या हातात दिली. "वर्गात दाव. ह्ये पुस्तकात न्हाई." ती कॉइल मी अजून दरवर्षी नववीच्या मुलांना दाखवतो. कुणामुळं जळली तेही सांगतो.

गेल्या काही वर्षांत साखरेनं मधुभाऊंच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. तार दाबली की नाही हे त्यांना कळेना. एका कार्यक्रमात मधेच थांबून त्यांनी गिटार खाली ठेवली आणि परत पार्टीत ती घेतली नाही. नंतर ती गिटार करुणाकडं गेली. ती कॉलेज करून संध्याकाळी वाजवायला शिकायची, ते बाजेवर पडून "तिसरी तार, तिसरी" असं ओरडायचे. या वर्षी तिनं पार्टीत बसायचं ठरलं, तेव्हा त्यांनी जुन्या ॲम्पमध्ये बारा इंची नवा स्पीकर बसवला. तिच्याकडून खर्जातले सूर वाजवून आपल्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घेतले, तो मोबाईल ॲम्पला जोडला आणि रोज सकाळी चहानंतर एक तास सुरू केला. ते जाण्याच्या चार दिवस आधी मी गेलो होतो. तेव्हा आठ तास झाले होते. "म्या कधी गावाला गेलो तर तू येऊन लावत जा," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझ्यावर भरवसा ठेवताय?" हसले. "तू एक जाळलायस. ज्यानं जाळलाय तोच जपतो. पोरीचं पयलं वाजवणं फाटक्या आवाजात नगं, एवढंच बघ." ती आमची शेवटची भेट. ते गेले तेव्हा बारावा तास चालू होता.

पुढच्या रविवारी मधुभाऊंच्या गावी विहारापुढं त्यांच्या आठवणीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. वंदना झाली, बोलणारे बोलले आणि गायन पार्टी बसली. करुणा पहिल्यांदाच वडिलांच्या जागी बसत होती. ॲम्पही तोच आणला होता. तोवर सतरा तास झाले होते, मधले मी आणि तिनं मिळून लावलेले. पार्टीचे म्होरके बाळूअण्णा मधुभाऊंबरोबर उभा जन्म गायलेले. त्यांनी पहिले सूर ऐकले आणि हात वर केला. "आगं करुणे, ह्ये काय? कुजबुजतीयास व्हय? मधूचा स्पीकर हाय, वाजू दे गावभर." मंडपवाल्यानं त्याचा माईक ॲम्पपुढं धरून पाहिला, तर माईकनं अशी शिट्टी मारली की म्हाताऱ्यांनी कान झाकले. मग बाळूअण्णा माझ्याकडं वळले. "सर, तुमी शिकल्याली मानसं. जरा वाढवला तर चालंल का न्हाई, सांगा."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. करुणाही. मी ॲम्पपाशी गेलो, काट्यावर हात ठेवला. खरं सांगतो, मलाही वाढवायचा होता. धरणाच्या पल्याडपर्यंत जावा, रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून विचारावं की कोण गेलं, असं फार वाटत होतं. आणि एका गाण्यानं काही होणार नाही हेही मनात आलं. तेच मन, तेच गणित... मी हात काढून घेतला. "नाही चालणार अण्णा," मी म्हणालो. "अजून तेरा तास राहिलेत. भाऊ असते तर त्यांनीही दिला नसता."

बाळूअण्णा पुटपुटले, "मेला तरी ऐकत न्हाई गडी," आणि त्यांचे डोळे भरून आले. गर्दीत क्षणभर चुळबुळ झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, पदर खोचत पुढं आल्या आणि ॲम्पपासून हातभर अंतरावर खाली बसल्या. "मला तसंबी कमी ऐकू येतं. म्या हितं बसती. लाव गं पोरी." त्यांच्यामागून दुसऱ्या आल्या. मग पुरुष खुर्च्या सोडून आले. बघता बघता सगळा मंडप मोकळा पडला आणि माणसं त्या ॲम्पभोवती दाटीवाटीनं जमिनीवर बसली, थंडीत शेकोटीभोवती बसतात तशी. ढोलकीवाल्यानं थाप बोटांवर आणली. बाळूअण्णांनी माईक बाजूला सारला आणि गावभर पोचणारा आपला आवाज खाली, अगदी खाली आणून गायला सुरुवात केली. करुणा दोनदा चुकली. कुणी वर पाहिलं नाही. मी गाण्याचे पुष्कळ कार्यक्रम ऐकलेत, पण इतकी माणसं श्वास आवरून ऐकताना त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतर शाळा सुटली की मी संध्याकाळी भोरला दुकानामागच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. करुणा तास लावते, आम्ही ऐकतो, वहिनी आतल्या खोलीत भाकरी थापतात. आवाजातला फरक खरंच कळतो. आधी खर्ज घशात अडकल्यासारखा वाटायचा, पंचविसाव्या तासाच्या सुमारास तो सुटला. पायाखालच्या फरशीला तो जाणवतो. बोटं लावून पाहिलं तर कागद अलगद आत-बाहेर होतो. मधुभाऊंनी हे हजार वेळा पाहिलं असेल... पण हा एक त्यांना पाहता आला नाही.

तीस तास मागच्या गुरुवारी पूर्ण झाले. करुणानं मोबाईल काढून घेतला आणि ॲम्पवर फडकं टाकलं. आता स्पीकर तयार होता. आता तो हवा तेवढा वाढवायला, कुठंही न्यायला हरकत नव्हती. कामथडीला पार्टीचा कार्यक्रम तोंडावर आहे, तिथं तो वाजेलच. शुक्रवारी मला जायचं तसं काही कारण नव्हतं, तरी सवयीनं गेलो. करुणानं फडकं काढलं होतं. काटा तीनवर होता. तेच खर्जातले सूर सुरू होते आणि मधुभाऊंची खुर्ची होती तिथंच होती.

आतून वहिनींचा आवाज आला, "किती झालं गं?"

"हायत अजून, आई," करुणा म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं.

वहिनी दारात आल्या. हाताला पीठ होतं. त्या रोजचा तास मोजत होत्या हे मला ठाऊक आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मधुभाऊंच्या रेघांपुढं तिसापर्यंतच्या रेघा त्यांनीच मारल्यात. "सर, खरंच हायत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत, वहिनी," मी म्हणालो. "बरेच राहिलेत."

त्यांनी मान हलवली, गॅस बारीक करून आल्या आणि खुर्चीच्या पायाशी बसल्या.