भांगलणीचं भांडण झालं तेव्हा

आमची वेबसाइट शेतीची. ऑफिस सांगलीला लागून असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपच्या वर. खाली लेथचं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. आलेले लेख वाचून, नीट करून वेबसाइटवर चढवणं हे माझं काम. ज्या सिस्टीममधून लेख चढवायचे, तिच्यातच लेखन तपासणारं एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. लेख टाकला की ते शुद्धलेखन बघायचं, वाक्यांची लांबी बघायचं आणि कोपऱ्यात ठिपका दाखवायचं. हिरवा असेल तर चढवा, लाल असेल तर परत बघा. ऑफिसात आम्ही त्याला मास्तर म्हणायचो.

आमच्याकडे लिहिणाऱ्यांत कराडजवळच्या मलकापूरच्या एक काकू होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. नवरा फौजेत, वीस वर्षं लांब लांबच्या पोस्टिंगवर, आणि काकू त्यांना दर आठवड्याला पत्र लिहायच्या. रानात काय पेरलं, म्हैस कशी आहे, विहिरीला पाणी किती. नवरा रिटायर होऊन घरी आला आणि पत्रं थांबली, पण लिहायची सवय काही जाईना. म्हणून त्या आम्हाला लिहू लागल्या. मोबाइलवर, बोलतात तसंच. 'आमी', 'लय', 'न्हाई' सगळं जागच्या जागी. त्यांचे लेख लोक आवडीने वाचायचे. मास्तर तेव्हा चुकीच्या शब्दाखाली नुसती रेघ मारायचे, बदलायचं की नाही ते मी ठरवायचे. काकूंच्या लेखातल्या रेघा मी सरळ सोडून द्यायचे.

एका सोमवारी अपडेट आला. स्क्रीनवर मोठी खिडकी उघडली, भरपूर मजकूर आणि खाली 'सर्व मान्य' असं बटण. त्या दिवशी सात लेख चढवायचे होते. मी एक ओळही न वाचता बटण दाबलं. त्यानंतर सगळे लेख पटापट हिरवे होत गेले. काकूंचासुद्धा. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, आवं ह्ये काय छापलंय? म्या लिवलं व्हतं, आमी समद्या बायकांनी मिळून दोन दिवस भांगलण केली. हितं लिवलंय, भांडण केलं."

मी लेख उघडला. खरंच तसं होतं. शेतातलं तण काढायचं काम, आणि मास्तरांनी त्याचं भांडण करून टाकलं होतं. पुढे 'वापसा आल्याबिगर रानात पाय घालू नका' असं त्यांचं वाक्य होतं. पावसानंतर जमीन कामाजोगी सुकते त्याला वापसा म्हणतात. छापून आलं होतं, 'वापस आल्याशिवाय रानात पाय घालू नका.' एकूण एक 'आमी'चं 'आम्ही' झालं होतं.

"त्या बायका माझ्याशी बोलंनात," काकू म्हणाल्या. "गावभर आमची भांडणं सांगत सुटली म्हणत्यात. माझंच लिवायचं चुकलं आसंल. आता बास करते मी."

"तुमचं नाही चुकलं काकू, सॉफ्टवेअरने घोळ घातला," मी म्हणाले. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी लेख लगेच दुरुस्त केला, खाली दिलगिरीही छापली. पण ते 'बरं' मनातून जाईना. अपडेटची माहिती मी आता नीट वाचली. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं की यापुढे बदल आपोआप होतील, नको असेल तर आत्ताच बंद करा. मी ते बंद केलं आणि रविवारी एसटीने कराड गाठलं.

मलकापूरला दार काकांनी उघडलं. काकू मागच्या पडवीत लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, "काकू, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. मशीनने मला विचारलं होतं. मी न वाचताच हो म्हटलं. चूक माझी आहे."

त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "येवढं सांगाय सांगलीवनं आलीस व्हय? अगं पोरी, फोनवर सांगायचंस की." त्या दिवसापासून मी त्यांची 'मॅडम' न राहता 'पोरी' झाले.

त्यांनी शेजारच्या दोघींना बोलावून घेतलं. मी त्यांचीही माफी मागितली. त्यांतली एक खूप रागात होती. पण वापसाचं वाक्य मोबाइलवर दाखवलं तेव्हा तीही हसली. "वापस आल्याबिगर जायचंच न्हाई? मग जायाचं तरी कवा?"

सोमवारी मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "स्थानिक शब्दांची सोय आम्ही करतोच आहोत. पण शब्द आमच्याकडे नाहीत. अर्थ आणि एकेक वाक्य देऊ शकाल का?"

काकूंनी ते काम अंगावर घेतलं. भांगलताना, दळणाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात त्या शब्द गोळा करायच्या आणि मला मोबाइलवर बोलून पाठवायच्या. मागे बायकांचा वाद चाललेला ऐकू यायचा, ह्यो शब्द आसा न्हाई, तसा हाय. काकांनी पिकाला पाणी पाजण्याचे सगळे शब्द दिले. मी ते टाइप करत गेले. तीन महिन्यांत साडेचारशेच्या वर शब्द झाले, ते सगळे मी कंपनीला पाठवले. त्यांतले निम्मे माझ्या आईच्या तोंडी होते आणि मी कॉलेजात गेल्यावर ते सोडून दिले होते.

पुढचा अपडेट आला तेव्हा मी चहा बाजूला ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग काकूंना फोन लावून ठेवला आणि त्यांचा नवा लेख टाकला. हळदीच्या लागवडीवरचा होता. 'आमी'खाली रेघ आली नाही, 'भांगलण'खालीही नाही. फक्त एका वाक्याखाली पिवळी रेघ आली, वाक्य फार लांब आहे म्हणून.

मी ते वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "आता ह्ये मातर मास्तरचं खरं हाय. वाचताना मलाच दम लागला. तोड तितं." आम्ही त्याची तीन वाक्यं केली आणि लेख चढवला.

शब्दांची यादी आम्ही वेबसाइटवरही टाकली. आठवड्याभराने कर्नाटकच्या सीमेवरच्या म्हैसाळकडच्या एका जैन द्राक्षबागायतदारांचा फोन आला. वयस्क आवाज. "तुमची यादी वाचली. कराडकडचं समदं आलंय, आमचं कायच न्हाई. आमच्या बोलण्यात निम्मं कानडी हाय, ते चालंल का?"

"चालेल की," मी म्हणाले. "सांगा, मी लिहून घेते."

खाली लेथ जोरात सुरू होतं. मी खिडकी लावून घेतली, आणि ते अर्धा तास सांगत राहिले.