न हरलेल्या वर्षातला आमचा लेफ्ट आउट

त्या वर्षी आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ एकही सामना हरला नाही. कॉलेज मुंबईत, पण संघातले निम्मे आम्ही ठाणे-कल्याणकडचे. म्हणून रविवारचा सराव ठाण्याजवळ कोपरीत, मिठागरांच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर चाले. कर्णधार मी होतो.

आमचा लेफ्ट आउट कोपरीचाच. आईबाप मिठागरावर राबायचे. त्या घरातून कॉलेजात गेलेला हा पहिला. बूट त्याला मानवत नसत. घोट्यांना चिंध्या गुंडाळून अनवाणी खेळायचा, आणि एकदा का डाव्या कडेने चेंडू घेऊन सुटला की कुणाच्या हाती लागत नसे.

उपांत्य सामना कल्याणला होता. मध्यंतरात तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्याने टाच वर केली. गंजका खिळा आत घुसला होता. मी तो उपसला, पाणी ओतलं, रुमाल बांधला.

"सरांना सांगू नकोस हं," तो म्हणाला. "शनिवारी फायनलला बाहेर बसवतील मला."

आमचे खेळाचे सर तसेच होते. कुणाला लागलं की आधी दवाखान्यात नेऊन इंजेक्शन, मग खेळ. हे मला ठाऊक होतं. त्याच्याशिवाय अंतिम सामना जड जाईल, हेही ठाऊक होतं.

"बरं," मी म्हणालो.

शनिवारी एकच गोल झाला, तो त्याचा. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचलो. "अरे, पाडाल रे मला!" तो वरून ओरडत होता.

मंगळवारी त्याच्या घरी गेलो तर त्याचा जबडा उघडेना. "भाकरी चावता येत नाही रे," तो दातांतल्या दातांत म्हणाला. त्या दुपारीच त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. धनुर्वात. अंधाऱ्या खोलीत ठेवला होता. बाहेर भांडं वाजलं तरी अंगाची कमान व्हायची. गुरुवारी तो गेला.

"लागलं त्याच दिवशी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्याची आई तिथेच उभी होती.

सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "मला कुणीच कसं सांगितलं नाही?" बाकीच्यांबरोबर मीही खाली बघत राहिलो. सत्काराला गळ्यात हार घालून कप मीच घेतला.

तेराव्याला मी कोपरीला गेलो. त्याची आई समोर येऊन बसली.

"त्याचे पायाला लागलेला, तुला म्हाईत व्हता का रं?"

"हो."

"मंग बोलला का नाय?"

त्याचे वडील कोपऱ्यातून म्हणाले, "जा पोरा, घरी जा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा मलाच कर्णधार केलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून झालो. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. मुलं रडत होती. मी बूट काढत बसलो होतो, आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.