व्यक्तिशः ओळखते

एल.एल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. त्याचा विषय निवडताना आपण फार हुशारी केली असं मला वाटलं होतं. पनवेलच्या कोर्टात एका सरांकडे मी चार वर्षं ज्युनिअर होते. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी लेक्चर, त्यात लायब्ररीत बसायला वेळ कुठला? म्हणून जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच घेतलं: हक्कसोड पत्रं. बहीण आपला वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा भावाच्या नावे सोडते, त्याचा हा नोंदणी केलेला कागद. २००५ साली कायदा बदलून मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा मिळाला. आमच्या भागात जमीन संपादनाच्या बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के मापाचे प्लॉट मिळत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि आमच्या ऑफिसात भावाबहिणींची रीघ लागली.

दस्त नोंदवायच्या दिवसाची एक ठरलेली पद्धत होती. भाऊ गाडी करून बहिणींना आणायचा. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाकावर त्या ओळीने बसायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर दुकानाची पिशवी आणि पिशवीत नवी साडी. अंगठे झाले की भाऊ सगळ्यांना हॉटेलात जेवायला न्यायचा. एकंदरीत वातावरण लग्नाच्या बस्त्याचं असायचं. मला त्यात काही खटकत नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकते.

मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. पुस्तकं चाळून लिहिलेला प्रबंध त्यांना चालायचा नाही. "गावात जा, बायकांना विचार," असं त्यांनी बजावलं. मी प्रश्नावली तयार केली. त्यातला नववा प्रश्न मला फार आवडला होता, कारण तो नेमका होता: 'दस्त नोंदवण्यापूर्वी तो तुम्हाला वाचून दाखवला होता का?' मॅडमनीही त्यावर बरोबरची खूण केली होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी उरण रस्त्यावरच्या एका गावात गेले. त्या दिवशीची तिसरी बाई ओट्यावर बसून सुकट निवडत होती. पन्नाशीची असेल, नवरा वारलेला, मिठागरात राबून तळहात घट्ट झालेले. मी विचारायचे आणि ती सुकटीवरची नजर न काढता उत्तर द्यायची. नववा प्रश्न आला.

"नाय," ती म्हणाली. "भाऊस बोल्ला, प्लॉटचा कागद हाय, सगल्यांचा अंगठा लागतंय. आमी दिला."

मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली. तेवढ्यात तिला काही आठवलं. आत जाऊन तिने ट्रंकेतून एक पिशवी आणली. पिशवीत साडी होती, घडीही न मोडलेली, आणि साडीखाली एक झेरॉक्स. भावाच्या हातून ती चुकून पिशवीतच राहिली होती.

"बाय, तू शिकलेली हायस. यात काय लिवलंय ता सांग."

मी सवयीने शेवटचं पान आधी काढलं. त्या पानावर कॉम्प्युटरने काढलेले फोटो असतात आणि त्यांच्या बाजूला अंगठे. वर लिहून देणाऱ्यांचे, आणि खाली ओळख पटवणाऱ्या दोघांचे. ओळख पटवणाऱ्यांच्या डोक्यावर एक छापील वाक्य असतं: खालील इसम असे निवेदन करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. त्या वाक्याखाली माझा फोटो होता.

छोटासा, काळपट, पांढऱ्या बँडमुळे चेहऱ्यापेक्षा गळाच जास्त उठून दिसणारा. पण मीच होते. बाजूला माझं नाव, माझी सही, माझा अंगठा.

त्या बाईचा चेहरा मी परत एकदा पाहिला. आठवेना. अडीच वर्षांपूर्वी मी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं होतं की मी हिला ओळखते, आणि आता तिच्या दारात बसून मी तिला नाव विचारत होते!

ऑफिसची रीतच तशी होती. पक्षकाराकडे ओळखीचे साक्षीदार नसले की आम्ही ज्युनिअर उभे राहायचो. एकदा कॅमेऱ्यात बघायचं, एकदा अंगठा ठेवायचा, आणि परत कोर्टात पळायचं. दिवसात तीन-तीन अनोळखी माणसांना मी व्यक्तिशः ओळखलेलं आहे.

"तिथं एक पोरगी व्हती," बाई सांगत होती. "काल्या कोटातली. बरी व्हती. अंगठा पुसाला कागद दिला तिनं मना."

मी मान खाली घालून झेरॉक्स चाळत राहिले. काय लिहिलंय ते मला पाठ होतं, आमच्याच ऑफिसचा मसुदा होता तो. 'राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, मजकूर वाचून व समजून घेऊन.' तिला एका वाक्यात सांगता आलं असतं: मावशी, तुमचा हिस्सा तुम्ही भावाला देऊन टाकलाय.

"फार मोठा कागद आहे मावशी," मी म्हणाले. "मी कॉपी काढून घेते आणि घरी नीट वाचते. मग येऊन सांगते."

तिने विश्वासाने झेरॉक्स दिली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉपी काढून तिची तिला परत केली. घरापर्यंतच्या बसमध्ये मी एकच काम केलं, पहिल्या पानावरची तारीख बघितली. असा कागद फसवून घेतला असेल, तर तो रद्द करायला तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिलं असतं. पण समोरचा वकील उभा राहून म्हणणार, अंगठा दिला त्याच दिवशी बाईला सगळं कळलं होतं. तेव्हा दस्ताच्या तारखेपासूनच मोजलेलं बरं. त्या हिशोबाने मार्चच्या अखेरीपर्यंत वेळ होता. साडेचार महिने.

आणि दावा लागला की पहिली साक्ष माझी. बाईंना ओळखत होतात का? मजकूर वाचून दाखवला होता का? खरं सांगितलं तर सरांचा पक्षकार गेला, सर गेले आणि बहुतेक माझी सनदही गेली. आमच्या हॉलमध्ये ती सनद फ्रेम करून लावलेली होती. वडील तळोज्याच्या कंपनीत शिफ्ट करायचे. रात्रपाळीहून आले की चपला काढता काढता त्यांची नजर आधी तिकडे जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फ्रेमवरची धूळ पुसत होते, आणि मी काही न खाताच घराबाहेर पडले.

सरांना मी आडून विचारून पाहिलं. "सर, आपण ज्यांना ओळखत नाही त्यांची ओळख पटवतो, ते..."

"आपण भावाला ओळखतो. भाऊ बहिणीला ओळखतो. संपलं," सर फाइलीतून मान वर न करता म्हणाले. मग वर बघून हसले. "एल.एल.एम.चे किडे डोक्यात शिरले वाटतं? परीक्षा झाली की निघतील."

ते वाईट नव्हते, हेच अवघड होतं. लेक्चरसाठी मला पाच वाजता सोडणारे पनवेलमधले तेच एक सीनिअर.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. गावाला जायचं म्हणून मी दोनदा निघालेही. एकदा स्टँडवर उभी राहून उरणची बस समोरून जाऊ दिली आणि स्वतःला बजावलं की आज गर्दी फार आहे. गर्दी नव्हती. त्या दिवसांत मला झोप धड लागत नव्हती. ऑफिसात कुणी "मॅडम, जरा सही" म्हटलं की मी फाइल उचलून उठायचे. नव्या दस्तांवर ओळख पटवायला मी टाळाटाळ करू लागले. कधी डोकं दुखायचं, कधी कोर्टात तारीख असायची. लिहिणं मात्र धडाक्यात चाललं होतं. तक्ता क्रमांक सहामध्ये ती बाई एक आकडा होऊन बसली. 'दस्त वाचून दाखवला नाही' या रकान्यात मी तिला मोजलं आणि पुढच्या तक्त्याकडे वळले. भित्रेपणालाही शिस्त असते.

मॅडमनी परिशिष्टात नमुन्यादाखल एक हक्कसोड पत्र जोडायला सांगितलं, नावं झाकून. माझ्याजवळ संपूर्ण प्रत एकच होती. टेबलावर ती पसरून मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. बाईचं नाव झाकलं, फोटो झाकला. भावाचं झाकलं, बाकीच्या बहिणींचं झाकलं. शेवटी एक पट्टी स्वतःच्या तोंडावर चिकटवली आणि त्यावरून झेरॉक्स काढली. पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. कोण फसलं आणि कोण उभं राहून बघत होतं, ते त्या कागदावरून कुणाला कळलं नसतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, मृदू बोलणारे. त्यांनी प्रबंधाचं कौतुक केलं, नवव्या प्रश्नाचं तर खासच. मग पानं उलटत ते परिशिष्टापर्यंत पोचले आणि शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. बरोब्बर माझ्या पट्टीवर.

"बायकांशी बोललात, भावांशी बोललात. पण हे ओळख पटवणारे? 'व्यक्तिशः ओळखतो' म्हणून हे सही करतात. यांच्यापैकी कुणाला विचारलंत का?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. खरं बोलायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. समोर ना न्यायाधीश होते, ना पोलीस. एक चांगला माणूस चांगला प्रश्न विचारत होता.

"नाही सर," मी म्हणाले. "वेळेअभावी राहून गेलं."

"हरकत नाही. संशोधनाच्या मर्यादांमध्ये दोन ओळी टाका." त्यांनी सही केली. "एरवी काम प्रामाणिक आहे."

बाहेर आल्यावर मॅडमनी पाठीवर थाप मारली. घरी आईने शिरा केला. वडिलांनी शेजारी पेढे वाटले आणि दुसऱ्या फ्रेमसाठी भिंतीवर जागा बघायला लागले. त्या फ्रेमच्या मापाची चर्चा ऐकत मी बसले होते आणि मला स्वतःची अशी काही लाज वाटली की हातातली शिऱ्याची ताटली तशीच खाली ठेवली. काम प्रामाणिक आहे! मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

रात्री मी लिहायला बसले. वर्षभर पानंच्या पानं लिहिली होती, पण ही दीड पानं लिहायला तीन तास लागले. सकाळी सरांच्या टेबलावर ऑफिसची किल्ली आणि काम सोडत असल्याची चिठ्ठी ठेवली. कोर्टात गरजूंना मोफत वकील मिळतो. तिथल्या एका वकीलबाईंशी बोलून वकीलपत्राचा कोरा फॉर्म घेतला. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तुला कळतंय ना, तू काय करते आहेस?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. या वेळी बस आली तशी मी चढले.

बाई ओट्यावरच सुकट निवडत होती. मला बघून तिने पाट पुढे सरकवला. "आली गो? मना वाटला इसरलीस."

मी बसले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: कागद कसला होता, तिचं काय गेलं होतं, आणि ती काळ्या कोटातली पोरगी कोण होती. बोलताना माझी नजर तिच्या हातांवर होती. हात थांबले. तिने निवडलेली सुकट एका बाजूला सारली. ती शिव्या घालेल, अंगावर ओरडेल, सुकटीचं सूप माझ्यावर फेकेल, अशी माझी तयारी होती. एवढ्या शांतपणे सुकट आवरेल याची नव्हती.

"भाऊस मना फसवील असा वाटला नव्हता," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुजा काय जाईल?"

"वकिली जाईल कदाचित."

तिने मान हलवली. बिचारी वगैरे काही म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं. मी पिशवीतून वकीलपत्र काढलं, शाईचा डबा काढला, अंगठा पुसायला कागदही काढला. तो कागद बघून तिने डावा हात पदराखाली घेतला.

"पयला वाच," ती म्हणाली.

मी वकीलपत्र वाचून दाखवलं, शब्द न् शब्द.

"ता दुसरा?"

दुसरं माझं प्रतिज्ञापत्र होतं. त्यावर तिचा अंगठा लागणारच नव्हता, फक्त माझी सही होती. तरी मी तिच्या समोर पाटावर बसले आणि ती दीड पानं मोठ्याने वाचली. 'मी सदर बाईंना ओळखत नव्हते. दस्त त्यांना वाचून दाखवला नाही. मी तिथे हजर होते आणि मी काही विचारलं नाही.'

वाचून झाल्यावर मी वर बघितलं. तिचा हात अजून पदराखालीच होता.

"परत वाच," ती म्हणाली.

मी पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.