कुंडलिकाचा डोह

सोलापूरकडच्या माणसाला थंडी सोसत नाही. वर्षाचे आठ-नऊ महिने तव्यावर काढलेला जीव तो. पारा जरा खाली उतरला की माकडटोपी, स्वेटर, त्यावर घोंगडी, आणि घोंगडीतून "यंदा लई हाय" अशी तक्रार. कुंडलिक मात्र अशा दिवसांची वाट बघायचा. होटगीला रेल्वेत गँगमन म्हणून चौतीस वर्षं काढून तो सीनाकाठच्या आपल्या गावी परतला होता, आणि पौषात नदीवर गळ टाकून बसण्याइतकं शहाणपणाचं काम जगात दुसरं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

खरं तर पौषात मासा लागतच नाही. पाणी गार पडलं की तो तळाच्या कपारीत शिरतो आणि रुसलेल्या जावयासारखा खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. ऊन पाण्यात उतरलं की तासभर त्याला जरा भूक लागते. तो तास साधायचा, बाकीचा वेळ नुसतं बसायचं. कुंडलिकाला बसणं चांगलं जमायचं.

त्याचे नेम दोन. गळाची जागा कुणाला सांगायची नाही, हा पहिला. निघताना 'कुठं' असं कुणी विचारायचं नाही, हा दुसरा. विचारलंच, तर परत घरात यायचं, चपला काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि नव्यानं निघायचं. त्याची बायको बजाबाई इतक्या वर्षांत एकदाही चुकली नव्हती. नवऱ्याच्या हातात बांबूची काठी दिसली की ती भाकरी फडक्यात बांधून द्यायची आणि एवढंच म्हणायची, "या मग."

चुकायचा तो नागप्पा, आणि तोही मुद्दाम. फाट्यावर त्याची चहाची टपरी. माणूस शुद्ध शाकाहारी, माशाच्या वासानंसुद्धा बाकडं धुऊन काढणारा. कुंडलिक काठी घेऊन दिसला रे दिसला की तो ओरडायचा, "यल्लि होंटी?"

"विचारलंस का लेका कुटं म्हणून!"

"मराठीत कुटं विचारलं? कन्नडात विचारलं की."

"सीनेचा मासा खाली भीमेला जातोय, तिथनं कर्नाटकात. त्याला कन्नड येत न्हाय व्हय?"

आणि कुंडलिक खरंच माघारी फिरायचा, चपला काढायचा, पाणी प्यायचा. टपरीवरची मंडळी पोट धरून हसायची.

मागच्या दिवाळीपासून बजाबाई विसरायला लागली. आधी आमटीत दोनदा मीठ. मग चूल पेटवून ती ओट्यावर जाऊन बसायला लागली. एकदा कुंडलिकाला तिनं आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली आणि जेवायला वाढलं. त्यानंही भाऊ होऊन निमूट जेवून घेतलं. मुलगा अभिमन्यू पुण्यात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "आण्णा, आईला एकटं सोडू नका." कुंडलिक म्हणाला, "मी हाय की हितं."

जानेवारीतली ती सकाळ. कुंडलिकानं डबीत गांडुळं भरली, काठी उचलली आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. मागून बजाबाई म्हणाली, "अवं, कुटं निगाला?"

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ती खरंच विचारत होती. तो आत आला, चपला काढल्या, पाणी प्याला, टेकला, उठला.

"कुटं निगाला?"

पुन्हा चपला, पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा बजाबाईनं हसून, अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं विचारलं, "कुटं वो?" पोटात पाणी डचमळत होतं, ऊन वर सरकत होतं, माशाची वेळ निघून चालली होती.

"मसणात!" कुंडलिक म्हणाला आणि मागं न बघता चालू लागला.

त्याचा डोह गावापासून वरच्या अंगाला होता, करंजीच्या झाडाखाली, काळ्या खडकाच्या आड. नेहमीप्रमाणे त्यानं मोबाइल बंद करून खिशात टाकला. दहाच्या सुमाराला दोरी ताणली गेली आणि हातभर लांबीची वाम वर आली. पौषातली वाम! आता बजाबाईला कालवण करायला सांगायचं, मिठावर तेवढं आपण लक्ष ठेवायचं, असं मनाशी ठरवत तो घरी आला. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

नागप्पा टपरी सोडून पळत आला. "तुलाच हुडकत गेली की! मला विचारलं, 'आमचं मालक कुटं गेलं?' मी काय सांगू? तू कवा कुणाला सांगितलास?"

"कुटल्या अंगाला गेली?"

"खाली. बंधाऱ्याकडं. म्हटलं, तू घावशील तिला काठावर कुटंतरी. तुला फोन लावला, बंद."

लग्नाच्या पहिल्या वर्षी कुंडलिक बंधाऱ्यापाशी गळ टाकायचा. तेव्हा तो डोह त्याला सापडला नव्हता, नेम केलेले नव्हते, आणि नवी नवरी कौतुकानं शेजारी येऊन बसायची. बजाबाईला तेवढं लक्षात राहिलं होतं.

अर्धा गाव काठानं धावला. ती सापडली दुपार कलल्यावर, बंधाऱ्याच्या खालच्या लव्हाळ्यात, कमरेइतक्या पाण्यात, एका दगडाला धरून. ओठ निळे पडले होते. भाकरीचं फडकं तिनं डोक्यावर धरलं होतं, भिजू नये म्हणून.

सोलापुरात दवाखान्यात नेली. छातीत पाणी झालं म्हणाले. कुंडलिक खाटेशेजारी बसला. बसणं त्याला जमायचंच. मधेच तिनं डोळे उघडले.

"कुटं गेला हुता?"

"वरच्या अंगाला गं. करंजीखाली. काळा खडक हाय बग, त्याच्या आड."

"मासा घावला?"

"वाम घावली. हातभर."

ती समाधानानं डोळे मिटायची. घटकाभरानं पुन्हा, "कुटं गेला हुता?" आणि तो पुन्हा सांगायचा, करंजी, खडक, वाम. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलासुद्धा तो डोह पाठ झाला. नर्स म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी थोडं झोपा." तो म्हणाला, "इचारतीय ती."

नवव्या दिवशी दुपारी तिनं विचारलं नाही. कुंडलिक वाट बघत बसून राहिला. मग अभिमन्यूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुण्याला चला, असं मुलगा म्हणाला. कुंडलिक गेला नाही. महिनाभर काठी आढ्याला तशीच होती. फाल्गुन लागला, थंडी सरली, आता मासा कुणाच्याही गळाला लागेल असे दिवस आले, तेव्हा एका सकाळी त्यानं ती खाली काढली. उंबऱ्यात जरा थांबला. मागून काहीच आलं नाही.

टपरीपाशी आला, तर नागप्पा खाली मान घालून ग्लास विसळू लागला. आधीच विसळलेले ग्लास.

कुंडलिक पुढं जाईना. उन्हात काठी टेकून उभाच राहिला.

"इचार की रं," तो म्हणाला.

नागप्पानं मान वर केली नाही. ग्लासातलं पाणी ओतलं, पुन्हा भरलं. मग हळूच, मराठीत म्हणाला, "कुटं निगालास?"

"वरच्या अंगाला. करंजीखाली. काळ्या खडकाच्या आड."

"किती वाजता येशील?"

"अकरापतोर. फोन चालू हाय." खिशावर हात ठेवून कुंडलिकानं खात्री करून घेतली. "न्हाय आलो, तर तितं बग."

"बगतो," नागप्पा म्हणाला. कुंडलिक माघारी फिरला नाही. तसाच नदीकडं चालत गेला.